हलकं काहीतरी कर

बाहेर जेवून आलं की आमच्या घरात एकच बोलणं व्हायचं. "आता रात्री काही नको. हलकं काहीतरी कर." हे म्हणायचे, सासूबाई म्हणायच्या, पुढे मुलगीही त्यांचं ऐकून म्हणायला लागली. काही नको आणि काहीतरी कर, दोन्ही एका दमात. यातलं ऐकायचं कोणतं हे मला नवी होते तेव्हा कळत नसे. एकदा मी खरंच काही केलं नाही तर दोघंही आठ वाजता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून दुसरं ऐकायचं, हे ठरलं.

खाणाऱ्याला ते हलकं. करणाऱ्या बाईला स्टोव्ह तोच, त्याला पंप तेवढाच मारायचा, तांदळातले खडे तेवढेच वेचायचे आणि नंतर भांडी तेवढीच घासायची.

त्यातली एक संध्याकाळ माझ्या मनात राहून गेली आहे. दुपारी घर शांत असतं तेव्हा मी असं काहीबाही लिहिते. चौथीपर्यंतच शाळा झाली, त्यामुळे जोडाक्षरांपाशी हात अडतो, पण वाचायला कोणी नाही म्हणून लिहवतं.

सत्तर साल उलटून गेलं होतं. थोरल्या दिरांच्या मुलीचा साखरपुडा होता. थोरले दीर मुलुंडला, ऑफिसात चांगल्या जागेवर. आम्ही घाटकोपरला चाळीत, दोन खोल्या. हे कारखान्यात फिटर होते. सासूबाई आमच्याकडे राहायच्या. मुलुंडच्या घरी दारं बंद असतात आणि बोलायला माणूस मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आमच्याकडे दारही बंद नसे आणि त्यांचं बोलणंही.

जाऊबाई आमंत्रणाला आल्या तेव्हाच म्हणाल्या, "पंगत नाही हं आई. बुफे आहे. मुलाकडच्यांना तसंच हवंय."

"म्हणजे काय गो?"

"उभ्याने जेवायचं. आपलं आपण वाढून घ्यायचं."

"वाढायला माणसं नाहीत होय तुमच्याकडे?" सासूबाई म्हणाल्या. "सांगायचं की. मी आणते चाळीतल्या चार बायका."

जाऊबाई हसल्या. मी चहा देत होते, मीही हसले. पण मनातून मला धास्ती बसली होती.

माझं लोकांत काही चालत नाही. चार माणसं जमली की हात कुठे ठेवायचे तेच मला कळत नाही. पण पंगतीत मला कधी भीती वाटली नाही. हातात वरणाचं भांडं आलं की माझं काम ठरलेलं असे. वाकायचं, "वाढू?" विचारायचं, पुढे जायचं. कोणी तोंडाकडे बघत नाही, सगळे पानाकडे बघतात. सगळ्यांना वाढून झालं की घरच्या सुनांची शेवटची पंगत बसायची. आमच्याकडे तशीच रीत. पाहुणे, पुरुष, मुलं, म्हाताऱ्या आणि मग वाढणाऱ्या बायका. तोवर अन्न गार झालेलं असायचं, पापड संपलेले असायचे, पदर खोचलेले आणि पाठ भरून आलेली. पण त्या पंगतीत बघणारं कोणी नसायचं. एकमेकींच्या पानात जबरदस्तीने वाढायचं, मोठ्याने हसायचं. सबंध लग्नातली तेवढीच पंगत मला माझी वाटायची.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मी फक्त चहा घेतला. दुपारी तिथे जेवायचंच होतं. पाणी भरलं, सासूबाईंना नेसायला मदत केली, मुलीच्या वेण्या घातल्या आणि बसने मुलुंडला गेलो.

हॉलमध्ये भिंतीला लागून लांब टेबल होतं, त्यावर पांढरी चादर. एका टोकाला ताटांची चळत. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड, जिलेब्या. टेबलामागे केटररची माणसं नुसती उभी. आणि लोक, बाया आणि पुरुष एकत्र, रांगेने जाऊन आपल्या हाताने आपल्या ताटात घेत होते. ते बघून माझा जीव बारीक झाला. दुसऱ्याला वाढताना मला काही वाटत नाही. पण व्याह्यांदेखत पुढे होऊन, स्वतःच्या हाताने स्वतःला श्रीखंड घ्यायचं, हे माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

सासूबाई भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. "मी काय घोडा आहे उभ्याने खायला? जा, माझं घेऊन ये."

ते मला जमलं. ताट दुसऱ्याचं होतं म्हणून जमलं. मी त्यांना भरून आणून दिलं. त्यांनी ते संपवलं. "श्रीखंड बरं आहे. आंबट नाही. थोडं आण." मी पुन्हा गेले. मग मसालेभात. मग पुन्हा श्रीखंड, या खेपेला पुऱ्यांसकट. पंगतीत त्या एवढं खात नसत. पंगतीत वाढणारी समोर येते, माणूस पानावर आडवा हात धरून नको, नको म्हणतो, आणि असं म्हणता म्हणता थांबतो. इथे नको म्हणायचं कोणाला?

ह्यांचंही तेच झालं. ते चुलतभावांबरोबर कोपऱ्यात, आईकडे पाठ करून उभे होते. जिलेबीच्या परातीकडे किती वेळा गेले कोण जाणे. मुलीने आइस्क्रीम खाल्लं आणि निम्मं नव्या फ्रॉकवर घेतलं.

मी वाट बघत होते. व्याह्यांचं होऊ दे, मोठ्या माणसांचं होऊ दे, मग आम्ही सगळ्याजणी बसू. मधे जाऊबाई विहीणबाईंना घेऊन माझ्या समोरून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "जेवलीस ना गं?" विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. मुलीकडची बाई अजून उपाशी आहे असं त्यांच्यासमोर कसं सांगणार? आणि थोड्या वेळाने जेवणारच होते.

शेवटची पंगत बसलीच नाही. बुफेला ती नसतेच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या बायका बोलता बोलता, पाहुण्यांबरोबरच, हातात ताट घेऊन जेवल्या होत्या. जाऊबाईसुद्धा. मी मुलीचा फ्रॉक नळावर पुसून परत आले तर केटररची माणसं पातेली उचलत होती. टेबलाजवळ गेले तेव्हा एकजण चादर झटकत होता.

"काय पाहिजे बाई?"

"पाणी," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी पँटचा हूक सोडला आणि शर्ट बाहेर काढला. "आज वाट लागली पोटाची. आई, रात्री काही नको हं."

"मला तर उद्यापर्यंत नको," सासूबाई ढेकर देत म्हणाल्या. "नाहीतर असं कर, हलकं काहीतरी कर. मऊ भात."

आग्रा रोडवर बस हळूहळू चालली होती. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. पोटात दुपारी जी आग होती ती तेव्हा विझली होती. भूक मेली, बरं झालं, असं मला वाटलं. पण भूक अशी मरत नाही. ती थोडा वेळ गप्प बसते.

घरी आल्यावर तिघंही आडवी झाली. सासूबाई स्वयंपाकाच्या खोलीतच चटई टाकायच्या, तिथे वारा येतो म्हणून. मी साडी बदलली, नळाला पाणी आलं होतं ते भरलं, फ्रॉकवरचा डाग साबण लावून चोळला, सासूबाईंना आल्याचा काळा चहा करून दिला. तेवढ्यात भूक पुन्हा जागी झाली. फळीवरच्या डब्यात पोहे होते. मूठभर तोंडात टाकता आले असते. पण आमच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजायचं, आणि ते वाजलं की डोळे न उघडता सासूबाई विचारायच्या, "काय हवंय गो?" मी फळीकडे बघितलं आणि भांडी लावत राहिले.

दिवेलागणीला तांदूळ निवडायला घेतले. आमच्याकडे तांदूळ मुठीने घ्यायची पद्धत, माणशी एक मूठ. आजचं हलकं म्हणून मी त्या तिघांना मिळून दोन मुठी घेतल्या. मग माझ्या दोन. एकीने माझं भागणार नव्हतं.

सासूबाई कुशीवर वळल्या होत्या. "किती घालतेस? रेशनचा तांदूळ आहे, पुरवायचाय. आज भूक कोणाला आहे? हलकं म्हटलं ना."

तेव्हाच सांगायला हवं होतं, मला आहे. दोन शब्द. जिभेवर आले होते. मी दोन मुठी डब्यात परत टाकल्या, वर थोडी मुगाची डाळ घातली आणि स्टोव्ह पेटवला.

भात शिजला. वर तूप-जिऱ्याची फोडणी दिली, थोडा हिंग. त्या वासाने आधी मुलगी उठली. मग हे बनियनवर येऊन बसले. "मी नुसती चव बघतो." सासूबाई म्हणाल्या, "मला अगदी चमचाभर." आणि ताट पुढे केलं.

मी वाढत होते. दिवसभरात पहिल्यांदा माझे हात जागच्या जागी होते, वाकायचं आणि वाढायचं. हे म्हणाले, "छान झालंय. पोटाला बरं वाटतं. आहे अजून?" मी वाढलं. मुलीने लोणचं मागितलं, आणि लोणचं आल्यावर आणखी भात. सासूबाईंनी चमचाभर तीन वेळा घेतला. पळी बुडाला लागून खरवडल्याचा आवाज आला. पातेलं रिकामं झालं.

सासूबाई हात धुऊन आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू नाही घेतलंस? बरं केलंस. एक वेळ पोटाला आराम."

मी पातेलं घासायला म्हणून उचललं होतं. ते घेऊन तिथेच खाली बसले. काही ठरवून बोलले नाही.

"मी तिकडे जेवलेच नाही."

"म्हणजे?" हे म्हणाले.

"शेवटच्या पंगतीला बसणार होते."

ह्यांना हसू आलं. "अगं, बुफेला कुठली शेवटची पंगत! काय वेडी आहेस ना तू पण."

"गप रे," सासूबाई म्हणाल्या. "जिलेब्या हाणत होतास तेव्हा बायको कुठे आहे ते बघितलंस?"

"तू तर तिच्याच हातून ताटं मागवत होतीस, आई."

"मी म्हातारी आहे." मग त्या माझ्यासमोर बसल्या, गुडघे धरून. "सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"आणि तुला तोंड नाही? माझं ताट भरत होतीस, त्यातली एक पुरी तोंडात टाकायची."

"लोकांसमोर?"

"माझ्या खुर्चीमागे उभी राहायचीस. मी पदर धरला असता आडवा."

त्यांची नजर तांदळाच्या डब्याकडे गेली. मग नुसतं म्हणाल्या, "मघाशी मुठी मागे टाकल्यास त्या तुझ्या होत्या होय."

मी पातेल्याच्या काठाला लागलेलं एक शीत बोटाने काढत बसले.

"शिरा पडली त्या उभ्याच्या जेवणावर!" अशी गावाकडची शिवी हासडत त्या उठल्या. "ऊठ रे, पंप मार स्टोव्हला. बघत काय बसलास?"

ह्यांनी पंप मारला. त्यांना सवय नव्हती, ज्वाळ वर गेली आणि सासूबाईंनी त्यांना आणखी दोन शिव्या दिल्या. मग सासूबाईंनीच भात लावला. फळीवरून सुक्या जवळ्याचा डबा काढला, जवळा कोरडा भाजून धुतला आणि कांद्यावर परतला. वर दोन आमसुलं. मी उठायला गेले तर म्हणाल्या, "बस. पाट घे आणि बस." बारीक वाळक्या कोलंबीचा तो वास सगळ्या गॅलरीभर गेला. शेजारीण दारात आली.

"काय गं, तुम्ही सगळी साखरपुड्याला गेला होतात ना? आणि आता जवळा?"

"तिकडे दाखवायचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "जेवायचं इकडे आहे."

मग माझ्यापुढे ताट आलं. त्या घरात माझ्यापुढे कोणी ताट ठेवलं असं मला बाळंतपणाचे दिवस सोडले तर आठवत नाही. गरम भात, जवळा, कांद्याची फोड. सासूबाई पळी घेऊन समोर बसल्या. हे दारात उभे होते, त्यांनाही जायला सुचत नव्हतं.

मला वाटलं होतं मी तुटून पडेन. पण हात जड झाला होता. पहिला घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. भुकेची वेळ निघून गेली होती आणि आता नुसती झोप येत होती. मला तिथेच पाटावर आडवं व्हायचं होतं.

"खा," सासूबाई म्हणाल्या.

खाल्लं. त्यांनी वाढलं. आणखी खाल्लं.

"पुरे आता, आई."

"पुरे काय? एवढ्यासाठी मला उठवलंस? गुडघे बघ माझे. घे."

मी पानावर आडवा हात धरला. त्यांनी हाताच्या बाजूने वाढलं. वाढणारी समोर बसली होती आणि मी खात राहिले, भुकेने नव्हे, त्यांचं मन राखायला. पोट तट्ट भरलं. ते सुख होतं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी सगळंच ओझं वाटत होतं, त्यांची मायासुद्धा. एवढं कळत होतं की सांगितलं तर घर उठतं. आणि हेही कळत होतं की प्रत्येक वेळी सांगायला माझ्यात तेवढं बळ नाही.

त्या दिवशीची भांडी त्यांनी मला घासू दिली नाहीत. तशीच मोरीत पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी उठले तेव्हा तिथेच होती, आणि ती मीच घासली.

सकाळी माझं पोट जड होतं, तोंडाला चव नव्हती. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आज तू हलकं खा. पेज टाक पातळशी."

टाकायची मलाच होती. मी तांदळाचा डबा काढला, झाकण वाजलं. त्यांनी चटईवरूनच सांगितलं, "आधी तुझी मूठ घाल. मग आमच्या."

मी तशी घातली. त्या दिवसापासून तीच सवय पडली, त्या गेल्या तरी. पहिली मूठ माझी. कोणाला ते दिसत नाही, पातेल्यात सगळे तांदूळ सारखेच.

पुढे सगळीकडे बुफेच झाले. नात्यातलं कुठलंही लग्न असो, सासूबाई भिंतीजवळची खुर्ची धरायच्या, आणि मी त्यांचं ताट आणायला निघाले की सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "आधी तुझं घे गो! मग माझं आण!" माणसं वळून बघायची. जाऊबाई तोंडाला पदर लावायच्या. मी मान खाली घालून रांगेत उभी राहायचे, कानशिलं तापलेली, आणि पुढ्यात येईल ते ताटात घ्यायचे. लाजेने घास उतरत नसे. पण ताट हातात असे. आणि घरी आल्यावर कोणी हलकं काहीतरी मागितलं, तर मी स्टोव्ह पेटवायला उठायचे, तेव्हा माझ्याही पोटात काहीतरी असायचं.